क्रिस्पिन कटोंगोच्या नावची बिलं

लुसाका, ५ मे १९९६

लॅमेकमामा,

पाकीट उभ्याने फोडा, पण वाचायला बसा. रेडिओवर तुम्हीही ऐकलं असेलच. कौन्सिलची घरं राहत्या भाडेकरूंना विकणार, आणि तीही इतक्या थोड्या पैशांत की आमच्या ऑफिसातल्या दोघीजणी टाइपरायटर सोडून नाचल्या! मामा, आपलं घर! दार, अंगण, पेरूचं झाड, सगळं आईचं! बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, पण घरभाडं एकदाही थकलेलं नाही. मला माहीत आहे, कारण नाताळात घरी आले तेव्हा सगळे कागद मीच उपसले होते.

आणि तिथेच घोळ झालाय. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता आहे, कुठला कागद किती वर्षं ठेवायचा त्याचा. लाईटबिल एक वर्ष, भाड्याची पावती तीन वर्षं, असा. मला फार आवडायचा तो. उतरवून घेतला आणि आईच्या ट्रंकेवर चालवला. अलीकडच्या पावत्या पाकिटात घालून बरोबर आणल्या, बाकी ढीग तिच्यापुढे ठेवून सांगितलं, "हे मेलेले कागद, जाळून टाक." आणि आज ऐकते तर काय, कौन्सिल म्हणतंय, घरात कधीपासून राहता ते दाखवा!

मामा, आईला आजच विचारा. जाळले का? मी विचारायला सांगितलंय असं म्हणू नका. उत्तर बसचालक बा सिलुंग्वेंच्या हाती पाठवा, पोस्टाच्या भरवशावर राहू नका.

तुमची चितालू

न्दोला, ११ मे १९९६

चितालू पोरी,

जाळले नाहीत. उडी मारून घे. मारलीस? आता खाली बस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गिरणीवरच होतो. थंडी सुरू झालीय, मका दळायला आलेल्या बायका चादरी पांघरून रांगेत उभ्या असतात, आणि रांगेच्या टोकाला तुझी आई शेगडी पेटवून पिठाचे फितुंबुवा तळत असते. गरम गोळे तोंडात टाकल्याशिवाय हल्ली कुणी रांग धरत नाही. माझी गिरणी तिच्या तळणावर चालते असं लोक म्हणतात, आणि मी नाही म्हणत नाही. मी एक पुडा घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ताई, नाताळात पोरीने जाळायला दिलेले कागद जाळलेस का गं?"

"वेड लागलंय तुला? इतका चांगला जाड कागद कुणी जाळतं?"

"मग ठेवलेस?"

"ठेव म्हणाली होती का ती?"

"अगं, मग केलंस काय त्यांचं?"

ताईने झाऱ्याचं टोक माझ्या हाताकडे वळवलं. हातात पुडा. मी गोळे तोंडात कोंबले आणि कागद उलगडला. सत्त्याऐंशी सालच्या मार्च महिन्याचं घरभाडं! मधोमध तेलाचा हा एवढा चंद्र, पण शिक्का ठणठणीत. क्रिस्पिन कटोंगो, भाडं मिळालं.

जानेवारीपासून तुमच्या घराचा कारभार अख्ख्या वस्तीला तळून वाढला जातोय. निम्मा ढीग टोपलीखाली अजून आहे, तो मी तिथल्या तिथे जप्त केला. उरलेल्या निम्म्यासाठी गिरणीचा पट्टा थांबवून पोत्यावर चढलो आणि ओरडलो, "चितालूच्या आईच्या पुड्याचा छापील कागद जो आणून देईल त्याला एक पुडा फुकट!"

ताई म्हणाली, "फुकट कुणाच्या जिवावर?"

म्हटलं, "माझ्या."

"मग दोन दे म्हणावं."

तुझा तक्ता ज्याने लिहिला ना, त्याच्या घरात कुणी कधी तळण काढलेलं नसणार, एवढं त्याला माझ्याकडून सांग.

मामा

लुसाका, १९ मे १९९६

मामा,

पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की साहेबांनी पाणी पाठवलं. मग रडू आलं. मग पुन्हा चंद्र आठवला.

गोळा करा, मामा, गोळा करा! वस्ती पिंजून काढा. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्याला भाड्याच्या पावत्या हव्यात. त्या ढिगात लाईटबिलं होती, शाळेच्या फीच्या पावत्या, हॉस्पिटलचे कागद, बाबांच्या सायकलचे हप्ते, काय वाटेल ते होतं. त्यांच्या मागे वेळ घालवू नका, त्यांना कोण विचारतंय? ते लोक घेऊन आले तर तळणाला परत द्या.

आणि सगळ्या पावत्यांवर बाबांचंच नाव आहे ना? हे मला नाताळातही खटकलं होतं. आईने इतकी वर्षं नाव का बदललं नाही?

चितालू

न्दोला, २ जून १९९६

चितालू,

आधी नावाचं सांगतो. ताईला मी तेच विचारलं. ती म्हणाली, "नाव बदलायला गेले असते तर तो मेला हे सांगावं लागलं असतं. तेव्हा विधवेला कोण घर ठेवू देत होतं? मी खिडकीत पैसे सरकवायची आणि म्हणायची, कटोंगोचं भाडं. कारकून विचारायचा, कसे आहेत? मी म्हणायची, शांत आहेत." खोटं एक अक्षर नाही, बघ.

आता कागदांचं. पोरी, जत्रा भरलीय जत्रा! एकीने पाळण्याखाली ओल येऊ नये म्हणून घातलेली पावती आणली. एकाने भिंतीवर चिकटवलेली खरवडून आणली, तिला अर्धी भिंतही लागून आली. म्हातारे बा म्वान्सा तंबाखूची सुरळी हातात घेऊन आले. म्हणाले, "अर्धी ओढून झाली, पण तारीख शाबूत आहे, एक पुडा द्याल का अर्धा?" गोळे फुकट मिळतात कळल्यावर लोक काहीही आणायला लागले. चर्चच्या वर्गणीची पावती, दुसऱ्याचं पाण्याचं बिल. एका गृहस्थाने तर गडबडीत आपल्याला आलेलं प्रेमपत्रच पुढे केलं, आणि त्याची बायको मागेच रांगेत उभी. त्याला मी पुडा दिला नाही, सल्ला दिला.

ताई एकेक कागद शेगडीशेजारी वाळवत होती. आम्ही ओळीने लावत होतो. वर्षं जुळत होती. मी मनातल्या मनात घराला रंगसुद्धा दिला.

आणि तेवढ्यात दाजी आले.

कळलं ना कोण? जस्टिन. तुझ्या बापाच्या बहिणीचा मुलगा. सुतक उतरताना कुळातल्या म्हाताऱ्यांनी त्याच्या मनगटाला मणी बांधून, पाणी पाजून तुझ्या बापाचं नाव त्याला दिलं होतं, आठवतं? तेव्हा शाळेत जाणारं पोरगं होतं. आता कितवेच्या खाणीतून कामावरून कमी केलंय. दुसऱ्याचा कोट घालून आला. मी उठून उभा राहिलो, राहावंच लागतं. "या दाजी, बसा," म्हटलं. माझ्या धाकट्या मुलाएवढा दाजी.

ताई कढईतून मान वर न काढता म्हणाली, "आलास? नवरा होऊन आला असशील तर आधी मिशी फुटू दे."

तो हसला. पोरगा हसतो गोड. मग वाळत घातलेल्या पावत्यांची ओळ बघितली आणि म्हणाला, "मामी, फार उपकार झाले. माझ्या पावत्या तुम्ही सगळ्या गोळा करून ठेवल्यात!"

"तुझ्या?"

"नाव वाचा ना. क्रिस्पिन कटोंगो. आणि मी कोण?"

चितालू, माझ्या तोंडातला गोळा तोंडातच राहिला. तो खोटं बोलत नव्हता. कुळाने ज्याला नाव दिलं तोच तो. तो कौन्सिलात जाऊनही आलाय. कारकूनही आपल्याकडचाच, त्याला रीत ठाऊक. तो म्हणाला, "घरातलं घरात मिटवा आणि एकच माणूस घेऊन या. एका घराला दोन तोंडं आली तर मी अर्ज घेणार नाही. जुलैअखेर खिडकी बंद."

म्हणजे आपण तीन आठवडे वस्तीला फितुंबुवा खाऊ घातले ते त्याच्या पावत्या जमवायला!

मामा

कितवे, ९ जून १९९६

माझ्या लेकी चितालू,

तू माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहेस, तरी कुळाने दिलेल्या नात्याने तुला लेक म्हणतो. राग मानू नकोस. खाणीने मला घरी बसवलंय. खोलीचं भाडं द्यायला जवळ काही नाही. न्दोलाचं घर माझ्या नावावर झालं की विकून एक मिनीबस घेईन. समोरच्या काचेवर तुझं नाव रंगवीन, मोठ्या अक्षरात. तुझ्या आईला माझ्याकडे घेऊन येईन, तिला तळण काढायला कितवेत गिऱ्हाईक कमी नाही.

कुणाचं काही हिसकावतोय असं मला वाटत नाही. मी सोळा वर्षांचा असताना मला हे नाव घ्यायला लावलं. नको म्हणालो होतो. नावाने आजवर मला दिलं ते एवढंच, की म्हातारी माणसं मला बघून खुर्ची सोडतात. आता घर देतंय, तर घेऊ नको?

तू शिकलेली आहेस, तुझी हरकत नाही अशी सही कर. तुझा बाप,

क्रिस्पिन (जस्टिन)

लुसाका, १४ जून १९९६

मामा,

सोबत माझ्या पूज्य पिताजींचं पत्र जोडलंय. वाचा आणि काचेवरच्या माझ्या नावाला नमस्कार करा!

मी तीन कागद फाडले आणि हा चौथा लिहितेय. आईला कितवेत नेणार म्हणे! तिथे तिला ओळखतं कोण? त्या अंगणात तिची शेगडी आहे, पेरूखाली तिने मला अक्षरं गिरवायला बसवलंय. मामा, एकच उपाय दिसतो. त्या पावत्या जाळा. हो, मीच सांगतेय. पावत्याच नसतील तर नाव कुणाचं हा प्रश्नच नाही. शेजारीपाजारी साक्ष देतील.

ऑफिसची परीक्षा आहे म्हणून येता येत नाही, नाहीतर काडी मीच लावली असती.

चितालू

न्दोला, २० जून १९९६

पोरी,

नाताळात जाळा, मेमध्ये गोळा करा, जूनमध्ये पुन्हा जाळा. तुझ्या ऑफिसात सगळे असंच करतात का?

एकही कागद जाळायचा नाही. उलट मी पोत्यावर पुन्हा चढलो आणि नवी दवंडी दिली, की भाड्याच्या पावत्या पुरे झाल्या, आता उरलेलं सगळं आणा. जे तू तळणाला परत द्यायला सांगितलं होतंस तेच. फीच्या पावत्या, हॉस्पिटल, सायकल, शवपेटी, सगळं. लोकांना वाटलं, लॅमेक सांपाच्या डोक्यात पीठ गेलं. वाटू दे.

त्या पोराचं पत्र मी दोनदा वाचलं. वाईट पोरगा नाही. मी त्याच्या वयाचा होतो तेव्हा एका सायकलीवर पोतं लादून दारोदार पीठ विकत होतो. तेव्हा कुणी मला नाव देऊ केलं असतं तर मीही घर मागितलं असतं. पण नाव घ्यायचं तर सगळं घ्यायचं, त्यातलं गोड तेवढं नाही. सात जुलैला कुळातली माणसं बोलावलीत. त्यांच्यापुढे मी दाजींना त्यांची मालमत्ता सोपवणार आहे, अगदी वाजतगाजत.

तू अभ्यास कर. आणि नाताळात पाकिटात घालून नेलेले कागद बा सिलुंग्वेंच्या हाती पाठव.

मामा

न्दोला, ८ जुलै १९९६

चितालू, चितालू,

काल काय झालं ते सांगायला हात थांबत नाहीये, अक्षर लागेल तसं वाच.

अंगणात सगळे जमले. म्हातारी मंडळी पेरूखाली, ताई शेगडीशी. ती म्हणाली, "माझ्या घराचा निकाल लागणार असेल तर लागू दे, तेल तापलंय." मी दाजींना मधल्या खुर्चीवर बसवलं आणि पिठाची पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली.

"दाजी, तुमच्या नावचे कागद. मोजून घ्या. ह्या भाड्याच्या पावत्या."

त्याने घेतल्या, म्हाताऱ्यांना दाखवल्या.

"हे हॉस्पिटल. चितालूला ताप आला होता, तुम्ही पायरीवर बसून होता. डॉक्टरांनी काय सांगितलं हो? ताई नेहमी विचारते."

त्याने कागद उलटून मागची बाजू बघितली.

"हे सायकलचे हप्ते. मधेच थांबलेत. दुकानदार बा म्वापे तिकडे बाहेर बसलेत, हप्ते थकवणारे तुम्हीच का ते बघायला आलेत." बा म्वापेंनी कुंपणावरून टोपी काढली. म्हाताऱ्यांत खसखस पिकली.

"आणि ही तुमच्या शवपेटीची पावती. घ्या दाजी, संकोच करू नका. आपल्या शवपेटीचं बिल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं भाग्य फार थोड्यांना मिळतं."

आता अख्खं अंगण हसून कोसळलं. बा म्वान्सांना ठसका लागला. जस्टिनसुद्धा हसत सुटला, हसता हसता डोळे पुसत होता. मी मनात म्हटलं, लॅमेक, जिंकलास. आता तो लाजेल, उठेल, जाईल.

पण हुशारी करायला गेलेल्या माणसाचं काय होतं बघ. त्याने हसतच पिशवीत हात घातला, म्हणाला, "अजून काय काय केलंय मी?" आणि फीच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. एकेक वाचायला लागला. "चितालू. चितालू. चितालू. आणि ही..."

तो थांबला. कागद उजेडाकडे धरला. तेलाने त्यातून आरपार दिसत होतं.

"मामी, ही माझी आहे."

"तुझीच आहे रे सगळी, तूच म्हणालास ना?"

"नाही, माझी. विद्यार्थी, जस्टिन कसोंडे. पैसे भरणारा, क्रिस्पिन कटोंगो." मग त्याने तारीख वाचली. शहाऐंशी साल. पुढची काढली, तीही तशीच. तुझा बाप गेल्यानंतरच्या! त्याने म्हाताऱ्यांकडे बघितलं. "मला बोर्डिंगात ठेवलं होतं, फी वेळेवर यायची. मला वाटायचं, माझ्या नव्या नावाने तुम्ही भरताय."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीच भरली नव्हती. मलाही ठाऊक नव्हतं, चितालू, आणि या वस्तीत मला ठाऊक नाही असं फार थोडं आहे.

ताई गोळे उलटत होती.

"मामी, तुम्ही?"

"तुझा मामा भरत होता," ती म्हणाली. "तो गेला म्हणून त्याच्या बहिणीच्या पोराने शाळा सोडायची का? मी आपलं त्याच्या नावाने पाठवत गेले. फितुंबुवावालीने भरली म्हणून पोरांनी तुला चिडवलं असतं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"पावती ठेवली होती की. चितालूने जाळायला सांगितली तोवर."

जस्टिनने ती पहिली पावती घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. मग खुर्चीवरून उठला, कोटाची बटणं लावली. माझ्या अंगावर काटा आला, कारण तुझा बाप काही महत्त्वाचं बोलायच्या आधी असाच बटणं लावायचा, आणि हे पोराला कुणी सांगितलेलं नाही.

"तुम्ही मला क्रिस्पिन कटोंगो म्हणता ना?" तो म्हाताऱ्यांना म्हणाला.

"म्हणतो, मुक्वाई," त्यांनी आदराने मान लववली.

"मग क्रिस्पिन कटोंगो सांगतो. घर हिचं आहे. कौन्सिलात मी येतो, मी सही करतो. माझं नाव काढून तिथे हिचं लिहा."

ताईने झारा खाली ठेवला. इतक्या वर्षांत ती तळण अर्धवट सोडून उठलेली मी पहिल्यांदा बघितली. तिने कमरेच्या कापडाला हात पुसले, त्याच्यासमोर गुडघे टेकले, नवऱ्यापुढे बसतात तशी, आणि पुडा त्याच्या हातात दिला. म्हणाली, "गरम आहे. सावकाश खा."

सगळा घाणा जळला. तो जळका घाणाही लोकांनी खाल्ला.

मामा

लुसाका, १५ जुलै १९९६

मामा,

परीक्षेच्या सभागृहाबाहेर तुमचं पत्र वाचलं आणि आत जाऊन काय लिहिलं ते देवाला ठाऊक.

मी माझ्या हाताने त्या पावत्या 'जाळा' म्हणून बाजूला ठेवल्या होत्या, मामा. त्याचं नाव माझ्या डोळ्यांखालून गेलं असणार. तक्त्यात बघत होते ना, नाव कशाला वाचेन? साल वाचलं आणि टाकली.

बाबांना सांगा, हो, बाबांनाच, की मिनीबस आली तर काचेवर माझं नाव नको. आईचं लिहा.

चितालू

न्दोला, ३ ऑगस्ट १९९६

चितालू बाळा,

आई सांगतेय आणि हे पत्र जस्टिन लिहितोय. तो हल्ली तुझ्या मामाच्या गिरणीवर पोती उतरवतो, आणि मिनीबसची रोज नवी किंमत ऐकवतो. माझं सांगून झालं की स्वतःचं काही घालू नकोस, असं त्याला बजावलंय.

घराचा कागद मिळाला. माझं नाव आहे त्यावर. कारकुनाने वाचून दाखवलं, मग जस्टिनने वाचलं, मग तुझ्या मामाने रांगेतल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. एकीने पुड्याला मागितला म्हणून मी तिला झारा दाखवला. आता ट्रंकेत ठेवलाय.

बाकी बिलं सगळी जस्टिनने घेतली. बा म्वापेंच्या सायकलचा राहिलेला हप्ता तो भरणार म्हणतो. मी म्हटलं, ती सायकल कधीच मोडली. तो म्हणतो, मोडू दे, नाव माझं आहे. त्यामुळे माझ्याकडे पुड्यांना कागद उरला नाही. तुझ्या ऑफिसात ज्यांची वर्षं भरलीत असे कागद असतील तर बा सिलुंग्वेंच्या हाती पाठव. पण आधी प्रत्येकावरचं नाव वाच.

एक पावती मात्र तो गठ्ठ्यात ठेवत नाही. कोटाच्या खिशात घेऊन फिरतो. आता पोती उचलताना घामाने तिची शाई जाईल, म्हटलं ट्रंकेत ठेव, तर ऐकत नाही. तो विचारतोय, तुझ्या तक्त्यात शाळेच्या फीच्या पावतीला किती वर्षं दिलीत?

मी नाही विचारत. मला माहीत आहे.

आई